पोवळ्याचं भोक

आजोबा सांगायचे, इथे आधी नुसते बेडूक होते.
दलदल, लव्हाळे, हिवताप,
आणि मिठाची पोती मोजणारा एक कारकून,
तोही दोन उन्हाळ्यांपलीकडे टिकायचा नाही.

मग फ्लॉरेन्सहून फर्मान आलं: या.
कुठल्याही देवाचे असा, कितीही देणं बुडवलेले असा,
माल उतरवा. मागचं कोणी विचारणार नाही.

आजोबा लिस्बनहून आले ते दोन नावं घेऊन:
एक चर्चच्या वहीतलं,
एक त्यांच्या आईनं कानात सांगितलेलं.
लिव्होर्नोच्या धक्क्यावर पहिलं नाव त्यांनी पाण्यात टाकलं.
बुडालं का, ते मरेपर्यंत वाकून बघत राहिले.

आता जकातघराच्या पायऱ्यांवर अकरा भाषांत शिव्या
आणि सौदा एकाच भाषेत, बोटांच्या.
कालव्यातून होड्या थेट तळघरांत शिरतात,
स्मिर्नाचे अंजीर, अलेप्पोचा कापूस,
कुठल्याशा गोठलेल्या समुद्राचा खारा मासा.
साथीच्या भीतीनं इथे
पत्रंसुद्धा व्हिनेगरात बुडवून वाचतात;
आमच्या गावात चांगल्या बातमीलाही
आंबूस वास असतो.

मी ओरोविदा. पोवळ्याला भोक पाडते.
दिवसाला चारशे मणी.
कच्चं पोवळं झाडासारखं असतं,
पण रागावलेल्या.
त्याची भुकटी नखांत जाते, भाकरीत जाते,
खोकले की रुमाल आधी तपासते:
हा लाल कुठला?

मालक पार्दो म्हणतात, माळा गोव्याला जातील,
बदल्यात हिरे येतील.
गोवं मी पाहिलेलं नाही.
तिथे कुणाच्या गळ्यात माझी बोटं आहेत, देव जाणे.

धक्क्यावर पाणी विकतो तो रजब, ट्यूनिसचा.
पायात कडी, साखळीशिवाय.
दिवसा त्याचंही दुकान असतं.
सांजेची तोफ झाली की गुलामांच्या कोठीत
डोकं मोजून आत.
एकदा विचारलं,
ते फर्मान तुला कुणी वाचून दाखवलं नाही?
म्हणाला, दाखवलं की.
तेव्हा वल्हं मारत होतो,
हात मोकळे नव्हते.

काल ओट्यावरून एक मणी सुटला,
घरंगळत त्याच्या घागरीपाशी गेला.
त्यानं उचलला, उजेडासमोर धरला.
याच्यातून काही दिसत नाही, म्हणाला.
खरंच. भोक राहिलं होतं.

ठेव, म्हटलं.

संध्याकाळी वहीत तीनशे नव्याण्णव.
पार्दोंनी दोनदा मोजले,
आणि एका मण्याचे पैसे कापले.