नळापाशी

पाण्याच्या नळासमोर बोट बांधून राहायचं नसतं.
हे सांगायला पाटी आहे, निळी, पांढऱ्या अक्षरांची,
आणि पाटीच्याच खांबाला त्याने दोर गुंडाळला होता.
गाठ तरी धड असावी. बुटाची नाडी बांधतात तशी.

ऑडलमला, लॉकच्या रांगेखाली.
मार्च संपत आलेला, माझी टाकी तळाला गेलेली,
आणि मी बावन्न फुटांची बोट
कालव्याच्या मधोमध धरून उभी.
वारा तिला तिरकी करतोय,
आणि हा आत टोस्ट भाजतोय.
टोस्टचाच वास येत होता. चहाचा नाही.
ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

मी हाक मारली नाही. आम्ही हाक मारत नाही.
आम्ही खोकतो.
नाहीतर पलीकडच्या बोटीला मोठ्याने विचारतो,
'काय गं थोरा, नळ चालू आहे ना आज?'
आणि थोरा, बटाटे सोलता सोलता, त्याहून मोठ्याने,
'नळाला काय धाड भरलीय, मर्टल!
तीन दिवस झाले, नळ आहे तिथेच आहे.'

तीन दिवस.

सव्वीस वर्षं पाण्यावर काढली मी.
जमिनीवरच्या लोकांना वाटतं, काय मोकळं जगणं!
कसलं मोकळं. भिंत म्हणजे बोटभरसुद्धा नाही असा पत्रा,
शेजाऱ्याने कूस बदलली की आपली बशी किणकिणते.
कुणी भरधाव जातो,
पाणी आधी ओढून नेतो, मग परत आणून आपटतो,
आणि ओल्या मातीतल्या माझ्या मेखा
म्हाताऱ्या दातांसारख्या हलायला लागतात.
कुणी रात्री दहाला जनरेटर लावतो.
कुणी दोन बोटींमध्ये चाळीस फूट सोडतो,
ना कुणाला घुसता येत, ना धड भांडता येत.
चाळीस फुटी बोट इथे एकट्या लॅम्बर्टची होती
आणि लॅम्बर्टने ती विकली.

तर मी खोकले. तिसऱ्यांदा जरा जास्तच,
खरोखरचा ठसका लागला.
दार उघडलं. मोजे घातलेले पाय, मग बाकीचा मुलगा,
बावीस-तेवीसचा, दाढी नीट न उगवलेली.
हातात अर्धा टोस्ट.
मी पंचवीस मिनिटं घोकलेलं वाक्य तोंडात तयार.

'तुमच्याकडे किल्ली आहे का?' त्याने विचारलं.

कसली किल्ली?

'नळाची. पेटीला कुलूप आहे.
ज्याने बोट विकली त्याने किल्ली दिलीच नाही.
म्हटलं, इथेच थांबावं,
कुणीतरी पाणी भरायला येईलच.'

मग कुणी आलं नाही?

'आले ना. बरेच आले.
माझ्याकडे बघून खोकले आणि पुढे गेले.
मला वाटलं, साथ आहे कसली तरी.'

मी थोराकडे बघितलं.
थोरा बटाट्याकडे बघत होती.
तिच्या खिडकीत किल्ली लटकते, बुचाच्या गोळ्याला बांधलेली,
माझ्या खिडकीत लटकते तशीच.
नळापासून अकरा पावलांवर.

मग विचारलं का नाहीस, गाढवा?

'मला वाटलं,' तो म्हणाला,
'इथे विचारत नसतील.'

माझी बोट त्याच्या बोटीला लावून घेतली.
गाठ सोडवली, पुन्हा बांधून दाखवली, खांबाला नव्हे, कडीला.
पाटी वाचून दाखवली, पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत,
ते मी सोडणार नव्हते.
किल्ली फिरवली. नळी थरथरली,
आधी हवा, मग गंज, मग पाणी.
पहिली किटली त्याची.

त्याची टाकी भरायला पाऊण तास गेला.
माझी अर्धी होत आली, तेवढ्यात वळणावरून
तिसरी बोट आली, लाल, नवी,
वेग कमी करत मधोमध थांबली, वाऱ्यात तिरकी होत,
आणि सुकाणूवरचा माणूस
आमच्याकडे न बघता
खोकला.