दिसेनाशी झाली की

दर मंगळवारी ऑरिन पेल्की तळ्यात थाळी सोडतो.
काळी-पांढरी, जेवणाच्या ताटाएवढी,
दोरीला मीटरामीटरावर गाठ.
दिसेनाशी झाली की म्हणतो, "लिही."
मी लिहिते.

आमचं ऑफिस म्हणजे मेनच्या उत्तरेतलं
गळ-आमिषाचं जुनं दुकान;
फ्रिजला अजून गांडुळांचा वास येतो.
डेल्फीन धक्क्यावर होड्यांचं बूड तपासते,
परकं शेवाळ खरवडते, शिव्या खाते,
वर हसून पत्रक देते.
इरा तीन हिवाळे म्हाताऱ्या गॅन्यनबाईंच्या स्वयंपाकघरात बसला,
सत्तर एकर मेपल कधी विकले जाऊ नयेत म्हणून.
तिसऱ्या हिवाळ्यात केक मिळाला. सही नाही.

यंदा आकडे उतरत गेले.
सहा. साडेपाच. जुलैत चार.
बैठकीत कुणी खताला बोल लावला,
कुणी वरच्या अंगाच्या नव्या बंगल्यांना.
ऑरिन टोपीची कड चाचपत राहिला.

मग एका बुधवारी डेल्फीन आणि मी
गुपचूप गेलो. तीच जागा, तीच थाळी.
सहा मीटरवर लख्ख दिसत होती.
तळं नितळ होतं.
मोतीबिंदू पिकला होता.

परतताना वल्ही अगदी हळू मारली,
जणू कुणी झोपलंय.
वहीतले आकडे खोडायला घेतले
तर अक्षर सगळं माझंच.

आताही मंगळवारी थाळी ऑरिनच सोडतो.
मी फक्त शेजारी वाकते.
"दिसतेय का गं?"
"आहे अजून," मी म्हणते,
आणि दोरी त्याच्या हातातून
सरकत राहते.