दशी

बीजेची कोर दिसली की
पदराची एक दशी ओढून आई म्हणायची,
जुनं घे, नवं दे.

चंद्र घ्यायचा. देणं लांबायचं.

साखर पेठेत नरसव्वा येमूल
किलोवर घेते: मागावरच्या कापलेल्या किनारी,
टॉवेलची कात्रणं, डागाळलेल्या चादरी.
विड्यांच्या जुन्या सुपात रंग निवडते.
लाल वेगळा. तो बाकीच्यांना नासवतो.

अण्णांचा गिरणीतला निळा सदरा दिला,
तेव्हा तिनं आधी बटणं काढून
माझ्या हातावर ठेवली. पाच. एक तुटकं.

महिन्यानं पायपुसणं आलं.
मधल्या निळ्या पट्ट्यावर
माझा पाय पडेना.

“पुसा की ओ,” नरसव्वा म्हणाली,
“धा वर्षं जातंय बघा.
झिजलं की आणून द्या परत.”