साडेवीस किलो

माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर चालतं.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, पंख्याखाली बसून
हे वाक्य मी अकरा दिवस म्हणतेय.
शिर्केसाहेब ऐकून घेतात, चहा संपवतात,
"मग लॅपटॉपच नेऊन ठेवायचा का मंडळीत?"

बिल्ड इथे करायचा, चालायचा तिथे:
डभोईच्या पुढे, दूधमंडळीच्या ओट्यावर,
काट्याच्या पोटात चार स्क्रूंनी बसवलेल्या
हिरव्या पाटीत.
तिला ना कीबोर्ड, ना स्क्रीन,
ना स्वतःचा कंपायलर मावेल एवढी जागा.
तिच्यासाठी इथून लिहायचं म्हणजे
फोनवरून कुणाच्या तरी शर्टाची बटणं लावायची.

आधी लायब्ररी सापडेना.
मग सापडली, ती माझ्याच यंत्राची;
लिंकर मुकाट तीच जोडून मोकळा.
मग उणे एकचे दोनशे पंचावन्न झाले,
तिथल्या एका बाइटच्या खात्यात
उणे हा प्रकारच नाही.
(बरणी उचलली की काटा शून्याखाली जातो
हे मला शेडमध्ये कोण सांगणार?)

मंगळवारी पहाटे साडेपाचला स्वतः गेले.
शकरीबेनचं दूध. पाच किलो दोनशे,
रोजचंच.
काट्यावर लाल आकडे: साडेवीस.
रांग हसली.
शकरीबेनने पदराने काच पुसून पाहिली,
"आवी भेंस मारे त्यां नथी, बेन,"
आणि वहीत पाच-दोनशेच लिहायला लावले.

परतीच्या बसमध्ये तिकिटामागे मांडलं.
दोन बाइट. ऐंशी आणि वीस.
काटा ऐंशी आधी पाठवतो, मग वीस.
माझं यंत्र धाकट्याकडून वाचतं,
ते थोरल्याकडून.
चूक कुणाचीच नाही.

आपण तरी काय करतो?
लिहिताना पाच आधी, मग दोन;
तोंडाने मात्र बावन्न, दोन आधी.
बालवाडीत मी पंचवीस ऐकून
बावन्न लिहायचे,
कुलकर्णीबाई पाटी पुसायच्या, सांगायच्या काहीच नाहीत.

आणि ते "फावणं".
आमच्या दांडियाबाजारच्या घरात "मला नाही फावत" म्हणजे
जमत नाही, सोयीचं नाही.
पुण्याची मावसबहीण म्हणते, अगं,
फावतं ते चोरांचं.
तोच शब्द, तीच अक्षरं,
दोन्हीकडे बिनतक्रार चालतो
आणि दोन्हीकडे वेगळंच उत्तर देतो.
असल्या चुकांना एररचा लाल रंगही नसतो.

दोन ओळी घातल्या, बाइटची अदलाबदल.
रात्री पावणेबारा.
कंपायलर काहीच बोलला नाही.
पूर्वी मला हे आवडायचं.

फोनवर शकरीबेनचा मुलगा:
उद्या पाचला, म्हणाला. मागून तिचाच आवाज,
"फावशे ने?"
कुठल्या भाषेतलं समजू,
हे ठरवायच्या आत
मी हो म्हटलं.