पंच नंबर दोन

आमचं दुकान ठाण्याच्या बरोबर समोर.
झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्प पेपर, रबरी शिक्के.
म्हणून मी पंच.
दांडिया बाजारातले फणसे, एवढी ओळख पुरते.
जमादार फाटकातून हात हलवतो,
मी पेन उचलतो, चप्पल सरकवतो, रस्ता ओलांडतो.
एकोणीस वर्षांत किती वेळा ओलांडला
ते त्यांच्या कपाटात आहे, माझ्या अक्षरात.

‘आम्ही खाली सह्या करणारे पंच
समक्ष हजर राहून लिहून देतो की...’
इथवर पाठ. पुढचं जमादार गुजरातीत लिहितो,
आणि त्याच्या गुजरातीत मी फार हिंडलोय:
विश्वामित्रीच्या कोतरात, जिथे मगरींच्या भयाने
कुणी उतरत नाही, भट्टी तेवढी पेटते;
दाहोदकडून आलेल्या ट्रकच्या पोटात,
वर कांद्याच्या गोणी, खाली खोकी;
एकदा ॲम्ब्युलन्समध्ये, जिच्या स्ट्रेचरवर
चादर ओढून निजल्या होत्या पंच्याऐंशी बाटल्या.
खरं तर मी दुकानातच होतो,
कुणाचं तरी रेशनकार्ड लॅमिनेट करत.

गाडीत तीनशे बारा, कागदावर दोनशे चाळीस.
मधल्या बहात्तरांना पाय फुटायचे.
त्यातली एक दिवाळीला आमच्या काउंटरखाली यायची,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
वर्तमानपत्रात दारूबंदीची बातमी असली
तर मी ती सरळ करून वाचायचो.

जशुभाई टेम्पोला कोण ओळखत नाही?
आमच्या गणपतीची पहिली पावती त्याची, पाच आकडी.
आरतीला पुढे उभा, कपाळी अष्टगंध,
एक कडवं चुकायचा नाही, आमची पोरं चुकायची.
रात्री दोनला हायवेच्या अलीकडे कटिंग,
मोठ्या गाडीतून छोट्या गाड्यांत,
आणि ठाण्याचा हप्ता तीस तारखेला,
सरकारी पगाराच्या एक दिवस आधी.
वर्षाकाठी मैदानात बाटल्या अंथरून
रोलर फिरवत. साहेब रुमाल नाकाशी धरून फोटोत.
मग पोरं झाकणं वेचायला धावत.
त्याच्यावरही सही माझीच.

दिगंबर शितोळे पाट्या रंगवायचा.
आमच्या दुकानाची त्यानेच रंगवली,
‘फणसे’तला ण जरा तिरका आला,
म्हणाला, राहू दे, ओळख राहील.
फ्लेक्स आला, ब्रश सुकले,
तो वीस रुपयांच्या पोटलीवर उतरला.

त्या दिवशी जमादाराने जीपमध्येच बसवलं.
सयाजी हॉस्पिटल, वॉर्डात जमिनीवर गाद्या,
एका पोटलीचे तेवीस जण.
दुपारचे तीन. खिडकीतून ऊन
दिगंबरच्या तोंडावर सरळ पडलेलं.
त्याने माझं खोकणं ओळखलं.
‘फणसे? बरं झालं आलास.
अरे, लाइट कधीची गेलीय,
यांना सांग ना कुणीतरी.’

मी म्हणालो, ‘येईल.’

व्हरांड्यात जमादाराने कागद पुढे केला.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, वाचून दाखवा.
त्याने माझ्याकडे पाहिलं, वाचलं.
पोटली कुठून आली, तिथे होतं: अज्ञात इसम.
नाव माझ्या जिभेवर होतं,
पाच आकडी पावतीवर होतं,
चतुर्थीला अकरा दिवस उरले होते.
‘फणसेभाई, पेन चालत नाही का?’
चालत होतं.

रात्री हिने बटणाकडे हात नेला.
राहू दे, म्हणालो.
‘आता काय वाचायचंय?’
काही नाही. राहू दे चालू.
ती कुस बदलून झोपली.
मी ट्यूबकडे बघत राहिलो,
डोळे चुरचुरेपर्यंत, समक्ष, हजर.