नजरेची उडी

मेस्तियात मार्च संपला तरी बर्फ
संग्रहालयाच्या पायरीवर ठाण मांडून असतं.
आत मी हातमोजे काढून
हजार वर्षांपूर्वीच्या एका वासराच्या कातड्यावर
मिकाएल नावाच्या लेखनिकाची चूक तपासते.

चूक साधीच.
एक ओळ 'पहाटे'शी संपते.
तीन ओळी सोडून आणखी एक, तीही 'पहाटे'शी.
तो दौतीत बोरू बुडवायला वळला
आणि परतला तो दुसऱ्या पहाटेवर.
मधलं सगळं गळलं.
आमच्या शास्त्रात याला नजरेची उडी म्हणतात.

मला ती बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे.
फक्त तेव्हा ती यानं मारत.
कुताइसीत, ट्रकच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत
वडील रंगीत मुखपृष्ठांची मासिकं आणायचे.
त्यांत अवकाश चादरीसारखं दुमडत,
एकसारखे दोन तारे एकमेकांवर टेकवत,
की यान इथलं तिथे.
मध्ये काय राहिलं, कुणी विचारत नसे.
कॅप्टन कॉफी मागवायचा, बस.

तेव्हा देवाला घरात यायची चोरी होती,
रॉकेटला नव्हती.
म्हणून वडिलांनी शुभवर्तमानाची पानं,
कार्बन लावून टंकलेली, चौथी प्रत, अक्षरं धुरकट,
मासिकांच्या पोटात शिवून टाकली.
शुक्रावरच्या चिखलातून रांगत पान उलटावं
तर समोर तळं, आणि काठावर जाळी धूत बसलेली माणसं.
पुन्हा उलटावं तर कॅप्टनचा ऑक्सिजन संपत आलेला.
कितीतरी दिवस मला ती एकच गोष्ट वाटायची:
त्या कोळ्यांना भेटायला कुणी वरून उतरलाय,
आणि यान कुठे लपवलंय
ते काही केल्या सांगत नाही.

पुढे तिबिलिसीत शिकले. शिवण उसवली.
कुठला शब्द कुणी घुसवला, कुठला कुणी घाबरून पुसला,
कुठला निव्वळ डुलकीत बदलला,
हे ओळखण्याचा मला पगार मिळू लागला.
फादर बेसारिओन दिवा धरायला येतात.
चाळीसही नसतील. विचारतात,
"लामारा, इतकं खरवडल्यावर खाली काही उरतं का हो?"
मी म्हणते, "दिवा जरा डावीकडे घ्या."

डावीकडे, समासात,
जांभळ्या उजेडात राख फुंकल्यासारखी
मिकाएलची बारीक अक्षरं वर आली.
कुणीतरी नंतर खरवडलेली.
गळालेल्या ओळी त्याने परत लिहिल्या नव्हत्या,
जागाच नव्हती.
नुसतं एवढं: हात गारठला होता.
त्या तीन ओळींतून ज्या बाया चालत होत्या,
त्यांची मी क्षमा मागतो.

देवाची नाही. मठाधिपतीची नाही.
बायांची.

फादर काही बोलले नाहीत.
दिव्याच्या पंख्याची घरघर तेवढी.
मला आठवलं, वडील गेले ती रात्र
मी परिषदेहून परतत विमानात होते.
माझ्याकडे तिच्या दोन्ही पहाटा आहेत.

नोंदवहीत मी लिहिलं:
'पान एकशे बारा, तीन ओळी गळाल्या,
कारण समान शब्दान्त.'
शास्त्राप्रमाणे अचूक. मी त्यात फेरफार करणार नाही.

दिवा विझला तशी अक्षरं कातड्यात परत गेली.
जिना उतरताना फादर म्हणाले,
"आणि तो कॅप्टन? त्याला हवा मिळाली का?"

ठाऊक नाही.
वडिलांनी शेवटची पानं काढूनच
त्या तळ्याला जागा केली होती.

रात्री झोपण्याआधी
मी ज्यांची नावं घेते, ती फार नाहीत.
कॅप्टनचं असतं त्यांत.