कात्रीचं वळण

माँटगोमेरी. कोर्टाचा तिसरा मजला.
मी स्टेनो; बोललेलं तेवढंच उतरवते.

भिंतीवर नकाशा. मतदारसंघ क्रमांक दोन:
नदीपाशी फुगलेला, मग सुतळीएवढा होत
हायवेखालून निसटलेला,
आणि मोझलीबाईंच्या गल्लीत शिरून
फक्त डाव्या हाताची घरं उचलून नेलेली.
उजवीकडे त्यांचं चर्च. समोर बहिणीचं घर.

सरकारी वकील म्हणाले, रंग पाहिलाच नाही आम्ही,
पक्ष पाहिला, डोकी मोजली,
रेघ काढली ती संगणकानं.

व्हर्नेल मोझली, वय एकोणऐंशी,
चष्मा पुसून नकाशाजवळ गेल्या.
बोट फिरत फिरत एका कोपऱ्यावर अडलं.
"साठ वर्षं गोधड्या शिवतेय, साहेब.
कापड आपसूक फाटतं ना,
तेव्हा धाग्याच्या कलानं फाटतं.
असं वळण घ्यायला
कात्री धरणारा हात लागतो."

ऑब्जेक्शन.
तिघांतल्या मधल्या न्यायाधीशांनी मान डोलावली:
साक्षीदार तज्ज्ञ नाहीत, वाक्य वगळा.

मग त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.
त्याची कळ माझ्या यंत्रावर नाही.

निकाल मार्चमध्ये, की निवडणूक उरकल्यावर,
कुणी सांगेना.
जाताना त्यांनी विचारलं, "सगळं लिहिलंस ना गं?"
लिहिलं होतं. वगळलेलंही नोंदीत राहतं,
फक्त खाली एक शब्द येतो: वगळले.

बाहेर, पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून
बहीण थांबली होती,
दुसऱ्या मतदारसंघातली.